नाचघराचा उतार

माझी सून शाळेत शिकवते. चाळीस पोरांना ती नुसत्या भुवईनं गप्प बसवते, पण मला एक पुस्तिका पाठ करायला लावताना तिच्या तोंडाला फेस आला.

"आई, पुन्हा सांगा. व्यापाऱ्यांची कचेरी कोणत्या साली बांधली?"

मी साल सांगायची. ते नेमकं पोस्टाच्या इमारतीचं निघायचं.

"आणि पोस्टाची इमारत?"

मी दुसरं साल सांगायची. ते कुणाचंच नसायचं.

"पालथ्या घड्यावर पाणी," ती म्हणायची आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, मला माझ्या लग्नाचं साल धड आठवत नाही आणि तू मला मेलेल्या गोऱ्यांची सालं विचारतेस." त्यावर ती म्हणाली, "लग्नाच्या सालावर बिल्ला मिळत नाही, आई."

तेही खरंच. माझा सगळा जीव त्या बिल्ल्यात अडकला होता.

नीट सांगते. बंदराला लागून आमच्या शहराची जुनी वस्ती आहे. परदेशी व्यापारी राज्य करायला बसले तेव्हा त्यांनी तिथे दगडी इमारती उठवल्या. जकातघर, पोस्ट, दोन बँका, व्यापाऱ्यांची कचेरी, आणखी कितीतरी. सगळीकडे कमानी, हिरव्या झडपांच्या खिडक्या आणि हत्ती चढेल असे जिने. लोक लांबून बघायला येतात. मी त्या इमारतींच्या फरश्या सव्वीस वर्षं धुतल्या. मग एक कंपनी आली, तिनं मशीन आणलं आणि आम्हा बायकांना सांगितलं की उद्यापासून येऊ नका. इतकं सोपं असतं ते.

घरी बसून मी महिनाभर भिंतींशी भांडले. मग एक दिवस सहज वस्तीत गेले, तर एक जोडपं नकाशा उलटा धरून उभं होतं. त्यांना वाट दाखवता दाखवता मी जकातघर दाखवलं, जिना दाखवला, कुठल्या पायरीवर हमालांच्या पाठी घासून दगड गुळगुळीत झालाय ते दाखवलं. ते म्हणाले, अशी माहिती तर कुठे लिहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी चौघांना पाठवलं. अशी चार वर्षं झाली. आणि या चार वर्षांत मी प्रत्येक इमारतीत पुढच्या दारानं गेले. आधीची सव्वीस वर्षं मागच्या दारानं, बादलीसकट. ज्याला हा फरक कळत नाही त्याला मी तो समजावू शकणार नाही.

मग नियम आला. पहिल्या तारखेपासून बिल्ला असेल त्यानंच पाहुण्यांना आत न्यायचं. बिल्ल्यासाठी परीक्षा. परीक्षकाला एक इमारत फिरवून दाखवायची, शंभरपैकी सत्तर मिळाले तर पास. नापास झालं तर पुढची परीक्षा दोन वर्षांनी. मी एकोणसाठची. दोन वर्षांनी माझे गुडघे जिने चढतील का, हे गुडघ्यांनाच विचारायला हवं. थोडक्यात, एकच फेरी होती माझ्याकडे.

"पुस्तिकेत आहे तेच बोला," परीक्षेच्या सकाळी सुनेनं शंभराव्यांदा सांगितलं. "एक अक्षर इकडचं तिकडे नको. पुस्तिका परीक्षकांनीच लिहिली आहे. भिंतींवरच्या पाट्यासुद्धा त्यांच्याच. त्यांच्यासमोर त्यांचीच वाक्यं म्हणा आणि घरी या."

"म्हणजे पोपटपंची."

"पोपटाला बिल्ला मिळतो, आई. भांडखोर बाईला मिळत नाही."

ही पोर माझ्या घरात आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आता बघा.

प्रत्येकानं पाहुणा म्हणून एक माणूस आणायचा होता, म्हणून सून माझ्याबरोबर आली. माझ्या वाट्याला व्यापाऱ्यांची कचेरी आली. तळमजल्यावर एकामागून एक पाच खोल्या. दारावरचा पहारेकरी माझ्या ओळखीचा, मला मावशी म्हणतो. त्यानं हळूच डोळ्यांनी धीर दिला. परीक्षक आत उभे होते. उंच, किडकिडीत म्हातारा, मान जरा पुढे आलेली, हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद आणि दोरीनं बांधलेली पेन्सिल. आवाज इतका हळू की ऐकायला आपल्यालाच पुढे सरकावं लागे.

"करा सुरुवात, बाई," ते म्हणाले.

पहिली खोली हिशेबनिसांची. मी सरळ पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले, तोंड खोलीकडे केलं आणि बोलायला लागले. बोलता बोलता एकेक पाऊल मागे सरकत दाराशी आले. पुस्तिकेतली वाक्यं धडाधड म्हटली. साल चुकलं. सुनेनं डोळे मिटून घेतले. पेन्सिल कागदावर हलली.

दुसऱ्या खोलीत तसंच. पलीकडची भिंत, तिथून मागे मागे दारापर्यंत. साल बरोबर आलं, पण ते पहिल्या खोलीचं होतं. तिसऱ्या खोलीतून मागे सरकत बाहेर पडताना मी आमच्या मागोमाग आलेल्या पहारेकऱ्यावर आदळले. तो म्हणाला, "मावशी, मागे डोळे नाहीत तुम्हाला," आणि सून म्हणाली, "पुढचेही आज घरी राहिलेत." परीक्षक हसले नाहीत. ते माझ्या पायांकडे बघत होते. मला वाटलं, चपलेला काही लागलंय.

सालांचे वीस गुण गेल्यात जमा होते. उरलेल्या ऐंशीतले दहाच गमावायची सोय होती. अकरावा गेला की संपलं.

चौथी खोली म्हणजे नाचघर. सगळ्यात मोठी. काळ्या-पांढऱ्या दगडी फरश्या, एका भिंतीला बुटका लाकडी मंच आणि दाराशी पितळी पाटी: 'नृत्यदालन. येथे गव्हर्नरांच्या स्वागताचे नृत्यसोहळे होत असत.' या खोलीचा उतारा मला चोख पाठ होता, कारण त्यात साल नव्हतं. मी दारातच उभी राहिले आणि सुरू झाले. गोऱ्या मडमा, झुंबरं, मंचावर वाजवणारे. बोलत बोलत, तोंड दाराकडे ठेवून, मी मंचाच्या दिशेनं मागे सरकत गेले. सुनेचा चेहरा खुलला. एकही चूक नाही.

"थांबा," परीक्षक म्हणाले.

मी खोलीच्या मध्यावर थांबले.

"तीन खोल्यांत तुम्ही आधी टोकाच्या भिंतीपर्यंत गेलात आणि मागे सरकत दाराशी आलात. इथे दारापासून सुरुवात केलीत आणि आत सरकताय. का?"

मी खाली बघितलं. खरंच की. मी काय करतेय हे मलाच ठाऊक नव्हतं.

"सवय, साहेब," मी म्हटलं. "फरशी धुणारी बाई मागे मागेच सरकते. पुढे सरकली तर धुतलेल्यावर पाय पडतात. सव्वीस वर्षं तशीच चालले, आता बोलतानाही पाय तेच करतात."

"ते समजलं. पण इथे उलट का?"

सून त्यांच्या मागे उभी होती. तिनं मान अशी हलवली की तीन इयत्तांची पोरं गप्प झाली असती. तिला कळलं होतं, आणि मलाही कळलं. या माणसानं पितळेत कोरून ठेवलेल्या गोष्टीच्या काठावर मी उभी होते. 'असंच, साहेब' म्हटलं असतं तर भागलं असतं.

"बाकी खोल्यांचा उतार दाराकडे आहे," मी म्हटलं. "मागच्या भिंतीशी पाणी टाकायचं आणि घासत दाराशी आणायचं. या खोलीत तसं केलं तर सगळा मळ परत आत जातो. इथे दाराशी पाणी टाकावं लागतं. ते मंचाखाली जातं, आणि फरशी वाळेपर्यंत आपण मंचावर बसायचं."

"नाही," ते शांतपणे म्हणाले. "ही खोली मी स्वतः मोजली आहे. फरशी सपाट आहे. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. पुढे चला."

पेन्सिल कागदाला टेकली.

पुढे चलायला हवं होतं. देवाशप्पथ, मी एक पाऊल उचललंसुद्धा. पण 'गैरसमज' हा शब्द माझ्या डोक्यात गेला. दीडशे फरश्या आहेत त्या खोलीत. प्रत्येक मी हातानं घासली आहे, वर्षातले तीनशे दिवस, सव्वीस वर्षं. माझ्या कंबरेची वाट लागली ती काय गैरसमजानं?

"साहेब, तुम्ही लांबी-रुंदी मोजली असेल," मी म्हटलं. "उतार नाही मोजला. तुम्ही मोठे विद्वान, पण या खोलीत तुम्ही किती वेळा आलात? वीस? पन्नास? आणि कधी गुडघ्यावर बसलात का? मी इथे उभी कमी आणि गुडघ्यावर जास्त होते. आणि एक सांगा, नाचायच्या खोलीला उतार कोण ठेवेल? मडमा नाचता नाचता सगळ्या त्या भिंतीला जाऊन आपटतील."

"आई," सून एवढंच म्हणाली. त्या एका शब्दात आमचं सगळं पाठांतर पाण्यात गेल्याचं दुःख होतं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला," मी म्हटलं. आता गेलंच आहे तर जाऊ दे पूर्ण. "बादलीभर पाणी मागवा. पाणी दाराकडे आलं तर मी इथूनच घरी जाते, तुम्हाला पुढची खोलीही बघायला लावत नाही."

परीक्षक पहारेकऱ्याकडे वळून म्हणाले, "आहे का बादली?"

पहारेकरी दोन घेऊन आला. बहुधा दारामागे कान लावून उभा होता.

मी पदर खोचला. बादली उचलली, उंबऱ्याशी वाकले आणि पाणी फेकलं नाही, ओतलं. फेकलेलं पाणी कुठेही पळतं, ओतलेलं खरं बोलतं. ते आधी उंबऱ्याशीच पसरलं आणि थांबलं. चार वर्षांत कुणी फरश्या बदलल्या असतील तर? मग त्यातून एक बोटभर धार निघाली. एक काळी फरशी ओलांडली, एक पांढरी. धार रुंद झाली. मी दुसरी बादली ओतली आणि सगळं पाणी एका रांगेत, कुणी हाक मारल्यासारखं, मंचाकडे चालू लागलं. आम्ही चौघं त्याच्या बाजूनं चालत गेलो.

पाणी मंचाखालच्या फटीत शिरलं. आणि खालून आवाज आला. साचल्याचा नाही. पडल्याचा. खोल कुठेतरी, दगडावर.

परीक्षक गुडघ्यावर बसले. त्या उंच माणसानं पँट भिजण्याची पर्वा न करता कान फरशीला लावला आणि आवाज थांबेपर्यंत तसेच राहिले.

"हा आवाज तुम्ही रोज ऐकायचात?" त्यांनी खालूनच विचारलं.

"रोज. मुकादमाला सांगितलं होतं एकदा. तो म्हणाला, पाणी जातंय ना, मग तुला काय करायचंय."

"मंचाची फळी निघते का?"

"कडेची निघते. उंदीर मेला होता एकदा, तेव्हा काढली होती. खाली लोखंडी जाळी आहे आणि दगडी गटार. मांजर सहज जाईल एवढं."

पहारेकऱ्यानं फळी उचकटली. जाळी होती. गटारही होतं, घडीव दगडाचं, नीट बांधलेलं. असं गटार कुणी चुकून बांधत नाही. परीक्षकांनी त्यात हात घातला, कोपरापर्यंत. मग उठले आणि मंचामागची भिंत बोटाच्या पेरानं वाजवून बघू लागले.

"पोकळ आहे," मी म्हटलं. "तिन्ही भिंती पोकळ आहेत. एक तेवढी दाराची भरीव. जळमटं काढताना दांडा लागला की कळतं. आणि या खोलीत उन्हाळ्यातही गार वाटतं. आम्ही बायका दुपारी इथेच येऊन बसायचो, मुकादमाला चुकवून."

"खिडकी एकही नाही," ते स्वतःशीच पुटपुटले. "दुहेरी भिंती. उतार. गटार." मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, म्हाताऱ्याला आता काहीतरी होणार.

"बर्फ," ते म्हणाले.

"काय?"

"बर्फाचं कोठार, बाई. इथे बर्फ तयार होत नव्हता तेव्हा जहाजानं यायचा, थंड मुलखातून, लाकडाच्या भुशात बांधून. मोठमोठ्या लाद्या. वितळलेलं पाणी वाहून जायला हवं, नाहीतर बाकीचा बर्फही जातो. बंदराच्या कागदांत या कोठाराचा उल्लेख पंचवीस ठिकाणी आहे. जागा कुठे, हे कुणालाच माहीत नाही. मी अकरा वर्षं शोधतोय. जकातघरामागचं आवार खणून झालं माझं." ते हसायला लागले. आवाज न करता, नुसते खांदे हलवत. "आणि याच खोलीच्या दारावर मी नाचघराची पाटी लावली. मंच दिसला म्हणून. मंच तर मागाहून कुणीतरी गटार झाकायला बसवलेला."

माझं आता भांडण संपलं होतं आणि भीती परत आली होती. "साहेब, माझे गुण?"

त्यांनी कागद वर धरला. "पाचवी खोली आता राहू दे. सालांचे वीसपैकी दोन. तेही दया म्हणून."

सुनेनं मान खाली घातली.

"चालण्याचे, आवाजाचे, पाहुण्यांशी बोलण्याचे मिळून चाळीसपैकी एकोणचाळीस. एक कापला, पहारेकऱ्याला धडक दिल्याबद्दल. राहिला शेवटचा रकाना. 'पुस्तिकेशी जुळणारी माहिती', चाळीस गुण." ते थांबले. "या खोलीची तुमची माहिती पुस्तिकेशी जुळत नाही."

मला वाटलं, झालं. एकेचाळीसवर कारभार आटोपला.

परीक्षकांनी खिशातून पुस्तिका काढली. माझ्या सुनेनं मला जिच्यावरून महिनाभर पिडलं तीच, त्यांची स्वतःची प्रत, कडा मळलेल्या. नाचघराचं पान उघडलं आणि पेन्सिलीनं त्यावर आडवी रेघ मारली, नंतर आणखी एक. मडमा, झुंबरं, गव्हर्नर, सगळे रेघेखाली गेले. वर बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: बर्फाचे कोठार. फरशीस मंचाच्या दिशेने उतार. मंचाखाली गटार. मग पुस्तिका मिटून ते म्हणाले, "आता जुळते. चाळीसपैकी चाळीस. एकूण एक्याऐंशी."

माझ्या सुनेनं, जी वर्गात पोरांना जोरात श्वासही घेऊ देत नाही, तिनं सरकारी इमारतीत शिट्टी मारली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी मात्र रडले. लपवत नाही. ओल्या फरशीत पाय रोवून, पदर खोचलेला, हातात रिकामी बादली, अशी उभी राहून मी खुशाल रडले, आणि इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. पहारेकरी म्हणाला, "मावशी, पाणी पुरेसं ओतलंय, आता बास करा."

परीक्षकांनी बिल्ला खिशातून काढून माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता ते पुढच्या उमेदवाराला बोलावतील. पण ते तिथेच घुटमळत राहिले.

"बाई, आणखी किती इमारती धुतल्यात तुम्ही?"

मी बोटांवर मोजलं. "ही धरून सतरा. ही रोज, बाकीच्या आलटून पालटून."

"आणि त्यांतही असं काही? म्हणजे, पाट्यांशी न जुळणारं?"

मी सुनेकडे बघितलं. तिनं हात वर करून दाखवले. मी आता तुम्हाला अडवणार नाही, असं म्हणत असावी.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या पाट्यांची मी निंदा करत नाही. पण पोस्टाच्या इमारतीत ज्याला तुम्ही तुरुंगाची कोठडी म्हणता ना, तिला कडी आतून आहे."

पहारेकऱ्याची खुर्ची त्यांनी स्वतः उचलून आणली, फरशीच्या कोरड्या भागावर ठेवली, बसण्याच्या जागेवरची धूळ रुमालानं झटकली आणि म्हणाले, "बसा."

सव्वीस अधिक चार वर्षांत त्या इमारतीत मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. मी ऐसपैस बसले. त्यांनी पुठ्ठ्यावर कोरा कागद लावला आणि उभ्यानंच पेन्सिल सरसावली.

"जकातघरापासून घ्या," मी म्हटलं, "आणि जरा मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे माझ्या सुनेला पाठ करायला बरं पडेल."